आपला तो मोर्चा, दुसऱ्याचा तो गोंधळ

जिल्हा एक, राज्यघटना एक. मग कुणाच्या उपोषणाला मुख्यमंत्री धावून येतात आणि कुणाच्या वाट्याला नुसत्याच तारखा, असं का?

‘रास्ता रोको’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? खरं सांगा. आंदोलकांच्या मागण्या? छे! मोबाइलच्या नकाशावरची ती लांबलचक लाल रेघ. मग ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘स्टक इन ट्रॅफिक, कुणीतरी आंदोलन करतंय.’ या वाक्यातला ‘कुणीतरी’ फार महत्त्वाचा आहे. कारण तेच आंदोलन आपल्या जातीचं, आपल्या गावाचं किंवा आपल्या पगाराचं असलं की ‘कुणीतरी’ गायब होतो आणि त्या जागी ‘आम्ही’ येतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

मी मूळचा नगरचा, नोकरीला पुण्यात. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, पण एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर, नगर’ अशीच हाक ऐकू येते. नगरचा आहे म्हटलं की कँटीनमध्ये हमखास दोन प्रश्न येतात. शिर्डीला दर्शन लवकर होईल का? आणि अण्णा हजारे सध्या काय करतात? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं मात्र जरा लांबलचक आहे. कारण गेल्या १५ वर्षांत या एका जिल्ह्यानं आंदोलनाचे जवळपास सगळे प्रकार पाहिलेत. उपोषण, संप, मूक मोर्चा, लाँग मार्च, ऊसदराचा रास्ता रोको... लोकशाहीचं प्रॅक्टिकल बघायचं असेल तर नगरला या. थिअरी सगळ्यांना सारखी असते, मार्क मात्र वेगवेगळे पडतात.

टोपी तीच, डोकी वेगळी

राळेगणसिद्धी हे पारनेर तालुक्यातलं गाव, पुण्याहून दोन तासांवर. २०११ मध्ये आपल्यातले बरेच जण कॉलेजात होते किंवा पहिल्या नोकरीत. ‘मैं अण्णा हूं’ची टोपी घालून, ऑफिस सुटल्यावर मेणबत्त्या घेऊन आपण चौकात उभे राहिलो होतो. अनेकांचं ते आयुष्यातलं पहिलं आंदोलन. १६ ऑगस्टला उपोषण सुरू व्हायच्या आतच दिल्ली पोलिसांनी अण्णांना उचललं आणि तिहारमध्ये ठेवलं. देशभर असा गदारोळ उठला की सरकारला त्यांना रामलीला मैदान द्यावं लागलं. २७ ऑगस्टला संसदेनं त्यांच्या मागण्यांवर चर्चा केली आणि २८ला उपोषण सुटलं. त्या अटकेवर तेव्हा संसदेत कडाडून टीका करणारा विरोधी पक्ष होता भाजप.

आता पुढचं बघा. लोकपाल कायदा संसदेत मंजूर झाला डिसेंबर २०१३ मध्ये. २०१४ मध्ये सरकार बदललं. काल शांततामय आंदोलनाच्या हक्काबद्दल बोलणारे आज खुर्चीत बसले, पण देशाला पहिला लोकपाल मिळायला मार्च २०१९ उजाडला. मधल्या काळात अण्णा पुन्हा उपोषणाला बसले. मार्च २०१८ मध्ये त्याच रामलीला मैदानावर आणि जानेवारी २०१९च्या अखेरीला राळेगणमध्ये. माणूस तोच, टोपी तीच आणि मागणीही बरीचशी तीच. मग काय बदललं होतं? गर्दी. आणि कॅमेरे.

याचा दोष एका पक्षावर ढकलणं सोपं आहे. पण ज्यांनी २०११ला अटक केली, तेच पुढे विरोधी बाकांवर बसून आंदोलनाच्या हक्काची आठवण करून देऊ लागले. आपल्याकडे आंदोलनाबद्दलचं मत पक्ष ठरवत नाही, खुर्ची ठरवते. खुर्चीवरून जो ‘जनतेला वेठीस धरणारा’ दिसतो, तोच समोरच्या बाकावरून ‘जनतेचा आवाज’ असतो.

दूध रस्त्यावर, आपण रांगेत

१ जून २०१७. राहाता तालुक्यातलं पुणतांबा. गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी असलेलं हे गाव तोवर भाविकांना माहीत होतं. त्या दिवसापासून ते अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झालं, कारण इथल्या ग्रामसभेच्या ठरावातून शेतकऱ्यांचा संप उभा राहिला. विचार करा, तुम्ही-आम्ही संपावर गेलो तर पगार कापला जाईल. शेतकरी संपावर गेला तर? त्यानं दूध आणि भाजी शहरात पाठवायचीच नाही, असं ठरवलं. दूध रस्त्यावर ओतल्याचे फोटो आले आणि शहरात दोन प्रतिक्रिया उमटल्या. ‘अरेरे, केवढी नासाडी!’ आणि ‘कोथिंबीर केवढ्याला झाली बघितलं का?’ ज्या भावात ते दूध घेतलं जातं त्याबद्दल मात्र फार कुणी बोललं नाही.

सरकारनं काय केलं? पुणतांब्याच्या प्रतिनिधींना मुंबईत बोलावलं. मुख्यमंत्र्यांच्या घरी रात्री उशिरापर्यंत बैठक चालली आणि ३ जूनच्या पहाटे संप मागे घेतल्याची घोषणा झाली. गावात मात्र आपल्याच नेत्यांविरुद्ध संताप उसळला. इतर ठिकाणच्या शेतकऱ्यांनी संप चालू ठेवला. ६ जूनला मध्य प्रदेशात मंदसौरला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले आणि वातावरण आणखी पेटलं. शेवटी २४ जूनला राज्य सरकारनं ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली, शेतकऱ्यामागे दीड लाखाच्या मर्यादेपर्यंत.

यातली मेख लक्षात घ्या. आंदोलन थांबवायला दर वेळी लाठीच लागते असं नाही. कधी पहाटेची बैठकही पुरते. चार जणांना आत बोलावायचं आणि चार लाखांना बाहेर एकमेकांकडे संशयानं बघायला लावायचं. एचआरवाल्यांना हे तंत्र नवीन वाटणार नाही!

एक महिना, एक जिल्हा

आता त्याच वर्षाच्या नोव्हेंबरकडे या. हा एक महिना नीट वाचला तरी आंदोलन, सरकार आणि जात यांचं गणित कळतं.

१५ नोव्हेंबर २०१७. शेवगाव तालुक्यात उसाला भाव मागत रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. दोन शेतकरी जखमी झाले.

१८ नोव्हेंबर. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या खटल्यात नगरच्या न्यायालयानं तिघांना दोषी ठरवलं. २९ तारखेला तिघांनाही फाशीची शिक्षा सुनावली.

आणि या दोन तारखांच्या मधे, २३ नोव्हेंबरला, त्याच नगरच्या न्यायालयात खर्ड्याच्या खटल्याचा निकाल लागला. सगळे आरोपी निर्दोष सुटले.

कोपर्डी तुम्हाला आठवतं. खर्डा कदाचित नाही. कोपर्डीत १३ जुलै २०१६ला एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती मराठा समाजातली होती, आरोपी दलित. खर्ड्यात, म्हणजे शेजारच्याच जामखेड तालुक्यात, २८ एप्रिल २०१४ला १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला शाळेतून मारहाण करत नेलं, अशी फिर्याद होती. न्यायालयात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले.

कोपर्डीचा निकाल घटनेनंतर साधारण सोळा महिन्यांत लागला. खर्ड्याला जवळपास त्रेचाळीस महिने लागले.

इथे घाई करू नका. न्यायालय मोर्चे मोजून निकाल देत नाही, पुरावे बघून देतं. आणि कोपर्डीच्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता, त्यात दुमत असूच शकत नाही. प्रश्न वेगळा आहे. निकालाच्या आधी जे जे घडतं, म्हणजे तपासाची तत्परता, नामांकित सरकारी वकील, खटल्याचा वेग, साक्षीदाराला वाटणारा आधार... ते सगळं बाहेरच्या दबावावर किती अवलंबून असतं? कोपर्डीनंतर ९ ऑगस्ट २०१६ला औरंगाबादमध्ये मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. सप्टेंबरमध्ये नगर शहरात निघाला, आणि वर्षभरानं, ९ ऑगस्ट २०१७ला, मुंबईत अठ्ठावन्नावा. पुढे मुली, मागे नेते, घोषणा नाहीत, आणि मोर्चा संपल्यावर रस्ता झाडून स्वच्छ. शिस्तीच्या बाबतीत ते मोर्चे आजही दाखला द्यावेत असे होते. मंत्रिमंडळातल्या प्रत्येकानं त्यांची दखल घेतली.

खर्ड्यासाठीही मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, धरणे झाले. आकडा मात्र लाखात गेला नाही. त्या गावात आपल्याच गावकऱ्यांविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहणाऱ्याच्या पाठीशी कुणी दिसत नसेल, तर तो किती दिवस तग धरेल? खर्ड्याचा खून झाला तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं, निकाल लागला तेव्हा भाजप-शिवसेनेचं. फितूर साक्षीदारांच्या रांगेला सरकार बदलल्यानं फरक पडला नाही.

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट पुढे आहे. कोपर्डीतून उठलेल्या मोर्च्यांच्या मागण्यांमध्ये अॅट्रॉसिटी कायद्यात बदल ही एक मागणी होती. म्हणजे एका मुलीसाठी मागितलेल्या न्यायाच्या यादीत, ज्या कायद्याचा आधार खर्ड्यातल्या मुलाच्या आईवडिलांना होता, तो कायदा येऊन बसला. उत्तरादाखल अनेक जिल्ह्यांत दलित आणि बहुजन संघटनांचे मोर्चे निघाले. दोन घरं, दोन गेलेली लेकरं... आणि दोन्ही समाज वेगवेगळ्या तारखांना त्याच कलेक्टर कचेरीवर. कोपर्डीच्या मोर्च्यात खर्ड्याचा आणि खर्ड्याच्या धरण्यात कोपर्डीचा बॅनर असता, तर निवेदन घेणाऱ्या साहेबांना जरा जड गेलं असतं.

चौंडीचे एकवीस दिवस

त्याच जामखेड तालुक्यात चौंडी आहे, अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. ३१ मे २०२३ला त्यांच्या जयंतीच्या कार्यक्रमात तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी इथेच जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा केली. टाळ्या, हार, फोटो. तीनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, याच चौंडीत धनगर समाजाला अनुसूचित जमातीचं आरक्षण मिळावं म्हणून यशवंत सेनेचे कार्यकर्ते उपोषणाला बसले. याच आरक्षणाबद्दल देवेंद्र फडणवीसांनी २०१४ मध्ये, विरोधात असताना, पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत निर्णय घेऊ असा शब्द दिला होता.

त्याच सुमारास जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मनोज जरांगे यांचं उपोषण चालू होतं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, राज्य ढवळून निघालं आणि सतराव्या दिवशी खुद्द मुख्यमंत्री तिथे पोहोचले. चौंडीचं उपोषण एकवीस दिवस चाललं. तिथे मंत्री गिरीश महाजन गेले. ज्या गावात नाव द्यायला मुख्यमंत्री आले होते, त्या गावात उपोषण सोडवायला मात्र त्यांना वेळ झाला नाही. पुतळ्याला हार घालणं सोपं, मागणीला उत्तर देणं अवघड!

पण थांबा, गोष्ट एवढी सरळ नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अकोले आहे. आदिवासी तालुका. चौंडीची मागणी मान्य झाली तर आपल्या ताटातला घास जाईल ही तिथली भीती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. ४ ऑक्टोबर २०२४ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यासह काही आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. त्यात अकोल्याचे आमदार किरण लहामटेही होते. सरकारातलेच लोक सरकारविरुद्ध जाळीवर! चॅनेलवाल्यांची चंगळ झाली. आपण मीम फॉरवर्ड केले. चौंडीला आणि अकोल्याला एका टेबलावर बसवून काय देता येईल आणि काय नाही हे स्पष्ट सांगायचं काम मात्र तसंच राहिलं. दोघांनाही ‘सकारात्मक आहोत’ असं सांगत राहिलं की दोघंही एकमेकांकडे रागानं बघत बसतात, आणि सरकार निवांत.

याच अकोल्यानं उलटा अनुभवही दिलाय. २६ एप्रिल २०२३ला किसान सभेचा मोर्चा अकोल्याहून लोणीकडे निघाला. लोणी हे तेव्हाच्या महसूलमंत्र्यांचं गाव. वनजमिनी, दुधाचा भाव अशा मागण्या होत्या आणि हजारो माणसं चालत होती. दुसऱ्या दिवशी संगमनेर तालुक्यात मंत्रीच मोर्च्याला सामोरे आले, आश्वासनं दिली आणि मोर्चा थांबला. त्या मोर्च्यात आदिवासीही होते आणि दूध घालणारे शेतकरीही. दोन वेगळ्या तक्रारी एकाच रस्त्यानं चालल्या की मंत्र्यांची गाडी लवकर सुटते, एवढं तरी यातून दिसतं.

परवानगी नावाचं इलॅस्टिक

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या कलम १९नं शांततेनं, शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलाय. त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनं घालता येतात. रस्त्यावरच्या सभेला परवानगीचा नियम असू शकतो, पण पोलिसांना मनमानी नकाराचा अधिकार देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच सांगितलं. जमावबंदीचं हत्यार लोकांचं मत दाबायला वापरू नये, असं जानेवारी २०२०च्या निकालात सांगितलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, शाहीनबागेच्या खटल्यात, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही हेही सांगितलं. कायदा तसा बऱ्यापैकी समतोल आहे.

गंमत अंमलबजावणीत आहे. पोलीस कायद्याच्या कलम ३७चे आदेश जिल्ह्याजिल्ह्यात पंधरा-पंधरा दिवसांसाठी निघत असतात. यात्रा, सण, निवडणूक, कारण काहीही चालतं. म्हणजे वर्षातल्या बऱ्याच दिवसांत पाच-पन्नास माणसांचं धरणं हे गुन्हा ठरवता येतं. ठरवायचं की नाही, ते वरून ठरतं. ऑगस्ट २०२५च्या अखेरीला मुंबईच्या आझाद मैदानावर मराठा आंदोलनाला परवानगी होती पाच हजार माणसांची. आले किती, ते आपण सगळ्यांनी सीएसएमटीला पाहिलं. उच्च न्यायालयाला रस्ते मोकळे करा असं बजावावं लागलं आणि २ सप्टेंबरला सरकारनं शासन निर्णय काढला. त्यांची मागणी बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण तेच पाच हजाराचं बंधन पन्नास अंगणवाडी सेविकांनी मोडलं असतं तर? जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकाला एवढा विरोध झाला तोही याच कारणानं. कायद्यातले शब्द जितके ढगळ, तितकं ते कुणाला लावायचं हे ठरवणाऱ्याचं राज्य.

माझ्या वर्गमित्राचा पासपोर्ट

आंदोलन संपतं, केस संपत नाही. माझा एक वर्गमित्र २०१७ मध्ये गावच्या रास्ता रोकोत उभा होता. दगड नाही, काठी नाही, नुसता उभा. बेकायदेशीर जमाव म्हणून त्याचं नाव गुन्ह्यात आलं. पुढे तो नोकरीला लागला आणि कंपनीनं परदेशी पाठवायचं ठरवलं. आता खटला चालू असला की पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी आणावी लागते. रजा काढून तालुक्याला जायचं, वकिलाला पैसे द्यायचे, पुढची तारीख घेऊन परत यायचं. ती संधी त्याच्या हातातून गेली. त्याच्या बाजूला उभा असलेला पुढारी आज निवडणुकीच्या शपथपत्रात तेच गुन्हे ‘आंदोलनातले’ म्हणून मिरवतो. एकच एफआयआर, एकाला मेडल, एकाला बेडी.

असे गुन्हे मागे घेण्याची सोय आहे बरं का. सरकार निर्णय काढतं, समिती शिफारस करते, सरकारी वकील अर्ज करतो आणि न्यायालयानं संमती दिली तर खटला संपतो. २०२२च्या निर्णयात जीवितहानी झालेली नसावी आणि नुकसान पाच लाखांच्या वर नसावं अशा अटी होत्या. आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं, कारण सोयीनं मागे घेण्याचे प्रकार वाढले होते. पण या सगळ्याचा पाठपुरावा कोण करणार? ज्याची संघटना मोठी, त्याच्या याद्या मंत्रालयात पोचतात. माझा मित्र कुठल्याच यादीत नाही. तो फक्त उभा होता.

मग आपण काय करायचं?

मोर्च्याला जा असं मी सांगणार नाही. सोमवारची डेडलाइन मलाही आहे. पण पुढच्या वेळी कुठल्याही आंदोलनाबद्दल ग्रुपवर टाइप करण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारून बघा.

एक : हीच माणसं माझ्या जातीची, माझ्या गावची असती तर मी त्यांना ‘गोंधळ घालणारे’ म्हटलं असतं का?

दोन : माझा आवडता पक्ष आज विरोधात असता तर या लाठीमाराबद्दल मी काय लिहिलं असतं?

तीन : मागणी मला पटत नसली तरी ती मांडायची जागा यांना मिळायला हवी, असं मी म्हणू शकतो का?

तिसरा सगळ्यात कठीण आहे आणि सगळ्यात गरजेचाही. सरकार गर्दीचं वजन करतं, कारण आपणही वजनच बघतो. लाखाचा मोर्चा आपल्याला ‘ऐतिहासिक’ वाटतो आणि कलेक्टर कचेरीच्या फाटकाबाहेर ताडपत्रीखाली बसलेली सात माणसं दिसतच नाहीत. लाखाच्या मोर्च्याला घटनेच्या संरक्षणाची फारशी गरज नसते, त्याचं संरक्षण त्याची गर्दीच करते. कलम १९ खरं तर त्या सात जणांसाठी आहे.

कुठल्याही जिल्ह्याच्या कचेरीबाहेर गेलात तर ती ताडपत्री तुम्हाला दिसेल. बॅनरवर मागणी लिहिलेली असते. वाचायला अर्धं मिनिट लागतं.